मुंबईतले पाच दिवस आणि नकाशावरचा एक ठिपका

परत येऊन नऊ दिवस झालेत. आज दिवसभर मोकळी आहे म्हणून लिहायला बसले. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की मुंबईला काय झालं, पोराचा पत्ता लागला का, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगताना माझा घसा भरून येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. शिवाय ज्यांची मुलं जहाजावर आहेत किंवा जायच्या तयारीत आहेत त्यांना यातलं थोडं उपयोगी पडेल.

आधी थोडक्यात. आमचा धाकटा जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशाच्या कामाचा, सहा महिन्यांचा कोर्स करून मागच्या वर्षी जहाजावर लागला. एजंटने पैसे घेतले, ते आम्ही दिले, माझ्या पाटल्या त्यातच गेल्या. जहाज जुनं, छोटं, मालवाहू. मे महिन्यापासून पगार थांबला, मग आखातातल्या एका बंदराबाहेर जहाजाने नांगर टाकला तो टाकलाच. २८ ऑगस्टला त्याचा फोन आला की मम्मी, मालक उत्तर देत नाही, पिण्याचं पाणी मोजून मिळतंय, एक वेळ भात आहे. त्यानंतर फोन बंद. जहाजं कुठे आहेत ते दाखवणारी एक साइट असते, त्यावर मी रोज त्याच्या जहाजाचा ठिपका बघायचे, ड्यूटीवर, बाथरूममध्ये, प्रार्थनेला बसायच्या आधी आणि उठल्यावर. ५ सप्टेंबरला तो ठिपका पण गेला. एजंट फोन उचलेना. तेव्हा हे म्हणाले, चल, मुंबईला जाऊन बसू.

रविवार, ८ सप्टेंबर

शनिवारी गणेश चतुर्थी होती त्यामुळे एसटीला जागा सहज मिळाली, सगळे आपापल्या घरी पोचलेले. रात्रीची गाडी, माळशेजमार्गे कल्याण. घाटात एवढं धुकं की ड्रायव्हरने काच उघडून बाहेर मान काढून गाडी चालवली. हे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, एरवी गाडीच्या आवाजावरून काय बिघडलंय ते सांगत बसतात, त्या रात्री एक शब्द बोलले नाहीत. मी पण जागीच होते. अकरा दिवस मी नीट झोपलेच नव्हते, डोळा लागला की कोणीतरी हाक मारल्यासारखं व्हायचं.

पहाटे कल्याण, मग लोकलने दादर, तिथून बांद्रा. माझी नर्सिंगची मैत्रीण हिल रोडच्या आतल्या जुन्या गावठाणात राहते, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथोलिक लोकांच्या घरात दिलेली. तिच्या सासूबाईंना सगळे ममा म्हणतात, वय ऐंशीच्या पुढे, त्यांचे मिस्टर पण जहाजावर होते. आम्ही दारात उभे राहिलो तर त्यांनी पोराबद्दल काहीच विचारलं नाही, आधी चहा, मग फुगे, तव्यावरचे नाहीत, तळलेले गोल गोल पिठाचे, आणि बॉटल मसाल्यातलं कालवण. हा मसाला हे लोक उन्हाळ्यात कुटून बाटल्यांमध्ये ठासून भरतात म्हणून बॉटल मसाला, त्याला जो वास आहे तो आपल्या काळ्या मसाल्यापेक्षा एकदम वेगळा. मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले आणि लगेच वाईट वाटलं की पोरगं तिकडे एक वेळ भातावर आहे. ममांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, खा, उपाशी राहून त्याला घास पोचत नाही.

८ सप्टेंबर म्हणजे मरीयेचा जन्मदिवस, आणि तो धरूनच बांद्र्याची जत्रा भरते. यंदा आठ तारीख नेमकी रविवारी, त्यामुळे डोंगरावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मोत माउलीच्या म्हणजे माउंट मेरीच्या चर्चची आताची इमारत १९०४ ची आहे, पण मूर्ती त्याहून कितीतरी जुनी. १७०० साली समुद्रावरून आलेल्या लुटारूंनी मूर्तीचा हात तोडला, पुढे मराठ्यांच्या स्वारीच्या वेळी ती माहीमच्या चर्चमध्ये नेऊन ठेवली होती आणि १७६१ मध्ये परत आणली. कोळ्यांना ती समुद्रात सापडली अशी पण एक गोष्ट सांगतात. ममा म्हणाल्या, तिला समुद्र माहीत आहे.

खरं सांगायचं तर मला अवघड झालं. आम्ही प्रोटेस्टंट, मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची आम्हाला सवय नाही, आणि नवसाचं मला लहानपणापासून पटत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूला मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला होती, ज्याचं जे मागणं त्या आकाराचं मेण. मैत्रीण माझ्यासाठी जहाज शोधत होती. तीन स्टॉल झाले, विमान मिळालं, जहाज नाही मिळालं. मी म्हटलं राहू दे गं. देवाला मी काहीतरी द्यायचं आणि त्याने मला पोरगं द्यायचं, असा व्यवहार मला जमणार नाही, कारण त्याने नाही दिलं तर मग मी काय करायचं, त्याला सोडून जायचं? जाणार कुठे? शेवटी मी साधी पांढरी मेणबत्ती घेतली आणि बाहेर जिथे सगळे लावतात तिथे लावली, नाव येशूचंच घेतलं. शेजारी एक हिंदू बाई मेणाचं घर ठेवत होती, तिने स्वतःच्या मेणबत्तीवरून माझी पेटवून दिली, वाऱ्याने माझी काडी सारखी विझत होती.

जत्रेला जाणार असाल तर बांद्रा स्टेशनवरून बेस्ट जादा बस सोडते तीच धरा, रिक्षा वरपर्यंत जात नाही. सकाळी लवकर जा किंवा आठवड्यातला मधला दिवस धरा, जत्रा आठवडाभर असते. उतरताना पायऱ्यांनी उतरा, समुद्र दिसतो. काळे चणे आणि काडयो-बोडयो, म्हणजे गोड काड्या, घ्या. यांनी पोरासाठी म्हणून एक पुडी घेतली आणि खिशात ठेवली.

संध्याकाळी दीड दिवसाचे गणपती निघाले होते. घराच्या ओट्यावर बसून बघितलं, ढोल, पाऊस आणि छत्रीखाली पाटावर बसलेला बाप्पा, त्यामागे रडणारं एक लहान पोर.

सोमवार, ९ सप्टेंबर

एजंटचं ऑफिस बेलापूरला. बांद्र्यावरून हार्बरने वडाळा रोड, तिथे पनवेल गाडी बदलायची. तिसऱ्या मजल्यावर गेलो तर शटर बंद, पाटी काढलेली, भिंतीवर फक्त चार स्क्रूची भोकं.

मला वाटलं मी खाली बसेन, पण नाही बसले, भोकं मोजत उभी राहिले. वॉचमन वर आला, जालन्याकडचा होता, म्हणाला ताई, पंधरा दिवस झाले, रात्रीच सामान हलवलं, तुमच्यासारखे रोज दोन-तीन जण येतात. त्याने आम्हाला त्याच्या खुर्चीवर बसवलं आणि पाण्याची बाटली भरून आणून दिली. तिथेच रत्नागिरीच्या एक मुसलमान बाई भेटल्या, त्यांचा मुलगा त्याच एजंटने दुसऱ्या जहाजावर पाठवलेला, तो सुटून आलाय पण आठ महिन्यांचा पगार बुडाला. त्यांच्या हातात प्लास्टिकची फाइल होती, त्यात सगळे कागद तारखेने लावलेले. आमच्याकडे काय होतं, तर मोबाइलमधला कॉन्ट्रॅक्टचा अर्धा फोटो. त्यांनी मला जिन्यात बसवून सगळं लिहून दिलं, कुठे जायचं, काय मागायचं. मग आम्ही जिन्यातच जेवलो, माझी बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, त्यांची चपाती आणि सुकट. निघताना म्हणाल्या, मी तुझ्या मुलासाठी दुआ करेन, तू माझ्या पैशासाठी कर. मी रोज करते.

त्यांनी लिहून दिलेलं आणि नंतर आम्हाला कळलेलं इथेच सांगते. मुलाला जहाजावर पाठवायच्या आधी एजंटकडे आरपीएसएल म्हणजे भरतीचं लायसन्स आहे का ते डीजी शिपिंगच्या म्हणजे सरकारच्या जहाज खात्याच्या वेबसाइटवर बघा. नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेणं हेच मुळात बेकायदा आहे, हे आम्हाला पैसे दिल्यावर कळलं. मुलाच्या पासपोर्टची, सीडीसीची म्हणजे खलाशाच्या पुस्तकाची, इंडोस या खलाशाच्या नोंदणी नंबरची आणि पूर्ण कॉन्ट्रॅक्टची झेरॉक्स घरी ठेवा, आणि जहाजाचा आयएमओ नंबर लिहून ठेवा. जहाजाचं नाव बदलतं, रंग बदलतो, झेंडा बदलतो, तो सात आकडी नंबर बदलत नाही.

परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत होते. रात्री जेवणानंतर आपल्याकडे असते तशी प्रार्थना करायला मी बायबल काढलं तर म्हणाले, मला नाही करायची आज. चाळीस वर्षांत मी यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. म्हणाले, मी रोज सकाळी त्याच्या नावाने गुडघे टेकले, आणि पोरगं पाण्यावाचून तडफडतंय, चहूकडे पाणी आणि प्यायला पाणी नाही, कोणाला सांगू? मला उत्तर आलं नाही. त्या वेळी काही वचन वगैरे सांगितलं असतं तर ते दगड मारल्यासारखं झालं असतं. मी बायबल मिटलं आणि यांच्या शेजारी नुसती बसले.

थोड्या वेळाने ममा म्हणाल्या, चला, पाय मोकळे करू. गावठाणातल्या गल्ल्यांमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी क्रूस आहेत, त्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या, पणत्या लावलेल्या. आम्हाला वाटायचं कोणाच्या तरी आठवणीचे असतील. ममा म्हणाल्या, यातले बरेच प्लेगचे आहेत. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग आला, मांडवीला डॉक्टर व्हिएगस यांनी पहिल्यांदा तो ओळखला, ते पण आपल्यातलेच, ख्रिस्ती. लोक शहर सोडून पळाले, जे राहिले त्यांनी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभे केले आणि रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तिथे प्रार्थना केली. नर्स म्हणून मला माहीत आहे की प्लेग पिसवांमुळे पसरतो, क्रूसाने पिसू अडत नाही, आणि पुढच्याच जानेवारीत मुंबईतच हाफकिन साहेबांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली, ती पण देवाचीच देणगी मी मानते. तरी त्या क्रूसाजवळ उभं राहून मला एक गोष्ट जाणवली. ज्यांनी तो उभा केला त्यांना उद्या आपण असू की नाही हेच माहीत नव्हतं. ममांच्या सासऱ्यांच्या घरातले दोघं गेले, त्यांनीच सांगितलं. क्रूस उभा केला तरी गेले. आणि उरलेल्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथेच येऊन परत दिवा लावला.

हे क्रूसाच्या चौथऱ्याला हात लावून बराच वेळ उभे होते. काही बोलले नाहीत, मी पण विचारलं नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर

डीजी शिपिंगचं ऑफिस कांजूरमार्गला आहे. दादरला बदलून स्लो लोकल धरा, फास्ट थांबत नाही. आम्ही अर्ज लिहून नेला होता, मैत्रिणीच्या मुलाने इंग्रजीत टाइप करून दिला. तिथे एका साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी जे समजावलं ते असं की दोन महिने पगार थकला, किंवा खाणंपिणं बंद झालं, किंवा घरी पाठवायचा खर्च मालक देत नसेल तर जहाज सोडून दिलेलं धरतात. सागरी कामगारांचा २००६ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, एमएलसी म्हणतात, २०१७ पासून त्यात असं आहे की प्रत्येक जहाजाने अशा वेळेसाठी विमा ठेवायचा, त्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार, अन्नपाणी आणि घरचं तिकीट मिळू शकतं, आणि त्या विम्याचं सर्टिफिकेट जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावायचं. मुलाला सांगा त्याचा फोटो काढून पाठवायला, म्हणाले. मी म्हटलं साहेब, फोनच लागत नाही. मग त्यांना ठिपक्याचं सांगितलं. ते म्हणाले, डिझेल संपत आलं की जनरेटर बंद ठेवतात, मग यंत्र पण बंद आणि मोबाइल चार्जिंग पण बंद, ठिपका गेला म्हणजे जहाज गेलं असं नसतं.

हे वाक्य ऐकलं आणि मी तिथेच रडले. पाच दिवस मी मनातल्या मनात जहाज बुडवलं होतं.

तिथून सीएसएमटीला, बॅलार्ड इस्टेटला खलाशांच्या युनियनमध्ये एक अर्ज द्यायचा होता, तो दिला. पाऊस असा लागला की छत्री उलटी झाली, म्हणून पळत फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये शिरलो. १७१८ च्या ख्रिसमसला हे चर्च उघडलं, चर्चगेट हे नाव याच्यामुळेच पडलंय. आत आम्ही दोघं आणि फरशी पुसणारा एक माणूस, बाकी कोणी नाही. ओल्या चपला हातात घेऊन बसलो.

तिथल्या भिंती मरण पावलेल्यांच्या संगमरवरी दगडांनी भरलेल्या आहेत. हे एकेक वाचत फिरायला लागले, इंग्रजी हळूहळू वाचतात पण वाचतात. कोणी तापाने गेला, कोणी समुद्रावर. एका मोठ्या दगडावर १८०८ मध्ये समुद्रातल्या लढाईत मेलेला एक कॅप्टन आहे. हे मला बोलावून म्हणाले, हे सगळे कोणाची तरी पोरं होती. मग म्हणाले, यांच्या आयांनी पण प्रार्थना केली असेल ना?

केली असेल. मला त्या दिवसापासून हेच आत धरून राहावं लागलंय. माझी प्रार्थना त्या आयांपेक्षा भारी आहे आणि म्हणून माझं पोरगं वाचेल, असं मी म्हणू शकत नाही. चर्चमध्ये साक्ष देताना, म्हणजे देवाने काय केलं ते सांगताना, आपण नेहमी शेवट गोड झालेल्याच सांगतो, पास झाला, बरा झाला, नोकरी लागली. मधल्या बाकावर बसलेल्या माणसाला, ज्याचा शेवट अजून आलेला नाही, त्याला काय सांगायचं? मंडळीत उभं राहून मला हे एकदा बोलायचंय.

तिथे बसल्या बसल्या मला आपल्या मिशनची सुरुवात आठवली, संडे स्कूलमध्ये घोकलेली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये याच मुंबईत उतरले. कलकत्त्याहून कंपनी सरकारने निघायला सांगितलेलं, तिकडे इंग्लंड-अमेरिकेचं युद्ध चालू, मुंबईतही हुकूम की यांना जहाजात बसवून इंग्लंडला पाठवा. मधे कोचीनपर्यंत गेले तिथून परत आणले. पुढच्या महिन्यात आपण इथे असू की नाही हे त्यांना कितीतरी महिने माहीत नव्हतं. आणि त्या दिवसांत ते काय करत होते, तर मराठी शिकत होते. लहानपणी ही गोष्ट मला फक्त परीक्षेपुरती वाटायची. उद्या हाकलणार असतील तर आज कशाला कोणी क्रियापदं पाठ करेल? हॉल १८२६ मध्ये नाशिककडे कॉलऱ्याने वारले, नगरचं काम १८३१ मध्ये सुरू झालं, ते त्यांनी बघितलंच नाही, आणि आज मी त्या मंडळीत मराठीत प्रार्थना करते.

मी यांना म्हटलं, आपण पण आजचं काम करू, उद्या झेरॉक्स काढून राहिलेले कागद देऊ. हे हो म्हणाले. मग रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन गुणगुणायला लागले, हळू आवाजात, फरशी पुसणारा थांबून ऐकत होता.

रात्री बायबलमधला, मार्कच्या शुभवर्तमानातला तो वादळाचा भाग काढला, तारवात पाणी शिरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय. बाकीच्यांसारखंच मला पण नेहमी वाटायचं, याला काळजी नाही का. त्या रात्री पहिल्यांदा वेगळं दिसलं. मी सव्वीस वर्षं नाइट करते. पेशंट ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाबरून टक्क जागे असतात, तेव्हा मी म्हणते, बाबा, तुम्ही झोपा, मी जागी आहे ना. ऑपरेशन नीट होईल असं मी कधीच सांगत नाही, ते माझ्या हातात नाही, पण मी जागी आहे हे खरं असतं, आणि तेवढ्यावर लोक झोपतात. येशू तसा झोपला होता. बाप जागा आहे हे त्याला ठाऊक होतं. स्तोत्र १२१ मध्ये तेच आहे, राखण करणारा डुलकी पण घेत नाही. मी दिवा मालवला आणि सकाळी सहापर्यंत झोपले, तेरा दिवसांनी.

बुधवार, ११ सप्टेंबर

बुधवार म्हणजे माहीमचा नोव्हेना, मरीयेकडे करायची खास प्रार्थना, मैत्रिणीचा कधी चुकत नाही. सेंट मायकल चर्चमध्ये ८ सप्टेंबर १९४८ ला हा सुरू झाला आणि तेव्हापासून दर बुधवारी सकाळपासून रात्रीपर्यंत, मराठीतही असतो. लोक ओळीने नऊ बुधवार करतात. गर्दीत निम्म्याहून जास्त लोक ख्रिस्ती नसावेत, टिकली लावलेल्या बायका, बुरख्यातल्या मुली, ऑफिसची बॅग लावलेले. हे आत आले नाहीत, बाहेर उभे राहिले. मी आत गेले पण खरं तर लोकांचे चेहरेच बघत राहिले. कोणाच्या हातात एक्स-रेचा लिफाफा, कोणाच्या हातात मुलाचा मार्कशीट. एवढी सगळी माणसं मधल्या बाकावरचीच. मला एकदम कमी एकटं वाटलं. बुधवारी माहीमला जायचं असेल तर स्टेशनवरून चालत जा, त्या रस्त्यावर गाडी अडकते, आणि पाकीट सांभाळा.

तिथून परत कांजूरमार्ग, राहिलेले कागद. दुपारी पावणेचारला मी झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी होते, पुढे एक कॉलेजची मुलगी पूर्ण पुस्तक काढून घेत होती, आणि अनोळखी परदेशी नंबरवरून व्हॉट्सॲपवर आवाज आला. चौदा सेकंद.

मम्मी, मी बराय, एका बोटीने पाणी आणि तांदूळ डाळ आणून दिलंय, त्यांच्या माणसाचा फोन आहे, आमचे फोन चार्ज नाहीत, पप्पांना सांग.

एवढंच. सुटका नाही, पगार नाही, तिकीट नाही. मी तो आठ वेळा ऐकला, दुकानदाराने मशीन बंद करून आवाज ऐकू दिला, ती मुलगी माझा हात धरून उभी होती. हे बाहेर टपरीवर होते, त्यांना पळत जाऊन ऐकवलं तर खिशातून ती जत्रेतली पुडी काढली, ओली होऊन चिकट झालेली, आणि तशीच परत ठेवली.

त्याच नंबरवर मी विम्याच्या सर्टिफिकेटच्या फोटोचं लिहिलं. रात्री फोटो आला, तिरका, पण नंबर वाचता येतोय.

रात्री जेवायच्या आधी यांनी स्वतःहून डोळे मिटले. प्रार्थना एवढीच, बापा, आज पाणी दिलंस. मग बराच वेळ काही नाही, मग आमेन. मला बायबलमधली सारफथची विधवा आठवली, दुष्काळात एलीया संदेष्ट्याला भाकर करून देणारी. तिच्या घरी काही पोती येऊन पडली नव्हती. मडक्यात रोज बघायचं तर तळाशी आजच्यापुरतं पीठ असायचं, आणि उद्याचं बघायला उद्याच यायचं. मला वाटतं तिला रोज सकाळी मडक्यात हात घालताना धाकधूक होत असेल. तरी घालायची.

ममांनी कोळंबीचं कालवण केलं होतं. म्हणाल्या, माझा नवरा एकदा पाच महिने काही कळवल्याशिवाय राहिला, तेव्हा फोन नव्हते. मी म्हटलं, मग तुम्ही काय केलंत? म्हणाल्या, मसाला कुटला, मे महिना होता.

गुरुवार, १२ सप्टेंबर

सर्टिफिकेटचा फोटो आणि नंबर सकाळीच ईमेलने दोन्हीकडे पाठवला आणि निघालो. गौरी-गणपतीचं विसर्जन होतं, दादरला पाय ठेवायला जागा नव्हती, त्या दिवशी प्रवास टाळता आला तर टाळा. कल्याणला एसटी तीन तास उशिरा. ममांनी अर्धी बाटली मसाला बांधून दिला होता, त्याचा वास पूर्ण गाडीत. माळशेजला या वेळी धुकं नव्हतं, कड्यावरून पाणी पडताना स्पष्ट दिसत होतं, यांनी खिडकी उघडली आणि म्हणाले, इंजिनाचा पट्टा सैल आहे याचा.

आज लिहितेय तेव्हाची स्थिती अशी. विमा कंपनीने पत्र मिळाल्याचं कळवलंय. जहाज तिथेच आहे. सोळा तारखेला ठिपका परत दिसला, सहा तास, मग गेला. चार्जिंग मिळालं की तो एक ओळ टाकतो. काल लिहिलं होतं, डाळ संपली, तांदूळ आहे. कोणाचा मुलगा अशा जहाजावर असेल तर कागदांच्या यादीसाठी मला विचारा, सगळं लावून ठेवलंय तारखेने, त्या रत्नागिरीच्या ताईंसारखं. आणि प्रार्थना करताना एकट्या आमच्या पोराचं नाव नका घेऊ, त्या जहाजावर अजून अकरा जण आहेत.

सात वाजले, आज माझी नाइट आहे, निघते.